खोक्यावर देवगड, आत धारवाड. गिऱ्हाईक खूश, मग माझं चुकलं कुठे?

पेटीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लिहू की नको यातच दोन महिने गेले.

नोकरी पुण्यात, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याचा जोडधंदा. देवगड तालुक्यात मामाची पावणेदोनशे कलमं आहेत. मामा पेंढ्यात आढी लावतो, माल तयार व्हायला लागला की खोक्यांत भरून पाठवतो. मी आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांत पोचवतो. नऊ वर्षं झाली. खोक्यावर मामाच्या बागेचं नाव आणि खाली ‘देवगड हापूस’.

यंदा पहिला मोहोर थ्रिप्स किडीने खाल्ला. दुसऱ्या मोहोराला धरलेलं फळ मार्चच्या उन्हात गळलं. माझ्याकडे १४० डझनांचं बुकिंग, पैसे आगाऊ घेतलेले. बागेतून आले ९५ डझन. मेच्या पहिल्या आठवड्यात मामाने सांगितलं, आता झाडावर काही नाही.

ओळखीच्या एका गाळ्यावर गेलो. तो म्हणाला, धारवाडचा माल आहे, एक नंबर, आणि खोकी तर तुझ्याकडे आहेतच. मी ११०० रुपये डझनाने पैसे घेतले होते, हा ४५० ने मिळाला. ४५ डझन. म्हणजे २९,२५० रुपये सुटले. मामाची रिकामी खोकी माळ्यावर होतीच. रात्री बसून मी आणि बायकोने भरली. ती इतकंच म्हणाली, “ते कानडी पेपर काढून टाक.”

कोणाला कळलं नाही. एकही तक्रार नाही. उलट बी विंगमधल्या काकूंचा फोन आला, “यंदाचा आंबा काय गोड निघाला रे! आणि एकातही साका नाही.” मामाच्या आंब्यात डझनाला एखादा साक्याचा (आत गर पांढरट, फोपसा) निघतोच, दरवर्षी मीच तो बदलून देतो.

तर प्रश्न सरळ आहे. गिऱ्हाईक खूश, शेतकऱ्याला पैसे मिळाले, गाळेवाल्याला मिळाले, मला मिळाले. रडतंय कोण? आणि कोणीच रडत नसेल तर मला दोन महिने झोप का लागत नाही?

सडा आणि कातळ

रडतोय मी. सव्वाशे कलमांचा मालक.

आमच्या आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली, तेव्हा कुठे कलम उभं राहिलं. मोहोर आला की तुडतुडा, भुरी, थ्रिप्स, दर पंधरवड्याला फवारणी. राखणीला माणूस. वानरं आहेतच. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढणारा गडी मिळाला तर नशीब. हे सगळं त्या ११०० मध्ये असतं. तुम्ही ४५० चा माल ११०० ला दिलात, म्हणजे मधले साडेसहाशे आमच्या आजोबांच्या मातीचे खाल्लेत.

असले पेटीवाले आमी मस्त बघलव. दोन महिने झोप नाही म्हणे. आमची डिसेंबर ते मे नसते.

उगाच एक

आमरस-पुरी घेऊन बसलोय. चालू द्या.

नफा हा गुन्हा नव्हे

लोक विनाकारण तुटून पडतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

काकूंनी काय विकत घेतलं? चव घेतली. चव मिळाली, अपेक्षेपेक्षा चांगली मिळाली. देवगड आणि धारवाड डोळे बांधून ओळखणारी माणसं या धाग्यावर किती आहेत, हात वर करा. साल पातळ, गर केशरी, वास घरभर, हे सगळं खोका बघितल्यावर सुचतं. लोक नावाचे पैसे मोजतात, ती त्यांची हौस. साबणापासून बुटापर्यंत प्रत्येक कंपनी नावाचे पैसे घेते, तेव्हा कोणी धागा काढत नाही. पेटीवाल्याने अडचणीत सापडलेली ऑर्डर पुरी केली. पैसे परत केले असते तर त्याच काकू म्हणाल्या असत्या, “ऐन अक्षय्य तृतीयेला तोंडघशी पाडलंस.”

पाटावरवंटा

नफावाले, साबणाची कंपनी स्वतःच्या साबणावर स्वतःचं नाव घालते. यांनी दुसऱ्याच्या आंब्यावर तिसऱ्याचं नाव घातलं.

आणि पेटीवाल्यांना एक साधा प्रश्न. तो गाळ्यावरचा माल पिकवला कशाने होता?

पेटीवाला

गाळेवाला इथिलीन चेंबरचा म्हणाला.

पाटावरवंटा

म्हणाला. तुम्ही बघितलं नाहीत.

नऊ वर्षं तुम्ही लोकांना सांगताय की मामा पेंढ्यात पिकवतो. तो शब्द तुमच्या पाहण्यातला होता. या ४५ डझनांचं तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. कार्बाइडचा निघाला असता आणि कोणाच्या पोराचं पोट बिघडलं असतं, तर खोक्यावरचा पत्ता वाचून लोक कोणाच्या दारात गेले असते? मामाच्या. ज्याने तो आंबा बघितलासुद्धा नाही त्याच्या. मला चवीपेक्षा हे फार गंभीर वाटतं.

कलम ४२०

माहितीसाठी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवणं आणि विकणं अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार बंद आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत.

दुसरं म्हणजे ‘हापूस’ला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. खोटं मानांकन लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड. म्हणजे पेटीवाल्याला सुटलेल्या पैशांपेक्षा कमीत कमी दंड मोठा आहे. (घाबरवत नाहीये. धागा काढण्यापूर्वी वकिलाला विचारायला हवं होतं, एवढंच.)

अर्थाचा अनर्थ

थोडं लांबण लावतो.

स्वार्थ विरुद्ध समाज अशी कुस्ती लावली की चर्चा तिथेच मरते. मामा पेंढ्यात आढी लावतो तो समाजसेवा म्हणून नव्हे. काकू ११०० देतात त्याही कोकणच्या उद्धारासाठी नव्हे. दोघं आपापलं बघतात आणि दोघांचं भागतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

स्वार्थाची बाजू घेताना हमखास मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचं नाव येतं. १९७० मध्ये त्याने लिहिलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. वाक्य इथे तोडतात. त्याची पुढची अट होती की हे नियमांच्या चौकटीत राहून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता व्हायला हवं. म्हणजे स्वार्थाच्या सर्वांत कडव्या वकिलानेही पेटीवाल्याचं वकीलपत्र घेतलं नसतं.

योगायोग बघा, त्याच १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. पुढे २००१ चं नोबेल त्याला जे मिळालं त्यात या लेखाचा मोठा वाटा. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा मग घासाघीस करून सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून उठतो. सरासरी आणखी खाली येते, भावही येतो, मग उरलेल्यांतली बरी गाडीही उठते. शेवटी बाजारात लिंबं उरतात.

आता आंबा ठेवा. काकूंना आज कळलं नाही. पण अशा दहा पेटीवाल्यांपैकी एकाचं बिंग फुटलं की काकू म्हणणार, खोक्यावरच्या देवगडचा काय भरवसा, साडेसातशे देते. साडेसातशेत ‘सडा आणि कातळ’ यांची फवारणी निघत नाही. ते दोन वर्षं तोटा सोसतील, तिसऱ्या वर्षी कलमं ठेक्याने देतील, नाहीतर जमीन विकतील. पेटीवाल्याचे २९,२५० काकूंच्या पर्समधून आले असं दिसतं खरं. माझ्या मते ते पुढच्या पाच-सात हंगामांतून उचलले गेले, आणि ज्यांच्या खात्यातून गेले त्यांना पासबुकात ती नोंद दिसणारच नाही.

देठासकट

लिंबावरून गाडी आंब्यावर सुखरूप आणल्याबद्दल चालकाचे आभार.

मानकुराद झिंदाबाद

तुमचं भांडण संपेपर्यंत आम्ही गोंयकार मानकुराद खातो. अवांतराबद्दल क्षमस्व.

हुबळी-धारवाड

इतका वेळ गप्प होतो. वर कोणीतरी ‘खराब’, ‘लिंबू’ म्हणालं म्हणून लिहितो.

मी धारवाडपासून वीस किलोमीटरवर राहतो. घरात मराठी, बाहेर कन्नड. आमची आपूसची बाग आहे. हो, आम्ही आपूसच म्हणतो. नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलेलं, कलमं बांधायची कला पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली. तिथून ती कोकणात गेली तशी घाट चढून आमच्याकडेही आली. झाड तेच. माती वेगळी, हवा वेगळी, म्हणून फळ वेगळं. आमच्या फळाची साल जाड, ते लवकर मऊ पडत नाही. कोकणाइतका वास नाही, हेही मान्य.

पण पेटीवाल्याच्या काकूंनी ज्या आंब्याला गोड म्हणून फोन केला तो आमच्या जिल्ह्याचा होता ना? त्याचं कौतुक कोणाच्या नावावर जमा झालं? देवगडच्या. आणि तोच आंबट निघाला असता तर काकू काय म्हणाल्या असत्या? “मेल्याने कर्नाटकचा माल घातलेला दिसतोय.” म्हणजे चांगला निघाला की देवगड, वाईट निघाला की आम्ही. तीस वर्षं हेच चाललंय. मग आमच्या आंब्याला नाव मिळणार कसं, आणि नाव नाही तर ४५० चे ६०० होणार कसे?

पेटीवाला लिहितात, शेतकऱ्याला पैसे मिळाले. कोणत्या शेतकऱ्याला किती मिळाले? गाळ्यावर ४५० होता. बागेत आम्हाला काय पडलं ते विचारायचं कोणाला सुचलं नाही, कोकणवाल्यांनाही नाही.

सडा आणि कातळ

धारवाडकर, या बाजूने कधी विचार केला नव्हता. तुमच्यावर राग नाही, खोक्यावर आहे.

तरी ‘हापूस’ शब्द आमच्या पाच जिल्ह्यांचा, हे कायद्यानेच ठरलंय.

हुबळी-धारवाड

शब्द ठेवा तुमच्याकडे. मी धारवाड एवढाच शब्द मागतोय.

वाशीकर

वाशीच्या घाऊक बाजारात आमचा गाळा आहे, तीन पिढ्या. दलाल म्हणून शिव्या खायची सवय आहे, तेव्हा बिनधास्त लिहितो.

पेटीवाल्याने जे केलं त्यासाठी हुशारी लागत नाही. देवगड-रत्नागिरी छापलेली कोरी खोकी उघड्यावर विकत मिळतात, हवी तेवढी. पूर्वी शहाणं गिऱ्हाईक पेटीच्या तळाचा पेपर बघायचं, कानडी निघाला की भाव पाडायचं. मग मराठी रद्दी घाट चढून तिकडे जायला लागली. (पेटीवाल्यांच्या मिसेसना आमच्या लाइनमध्ये नोकरी पक्की. हलकेच घ्या.)

पण सगळं पाप पेटीवाल्यांच्या आणि आमच्या माथी मारू नका. बागायतदार फवारणीच्या वेळेला आमच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतो. उचल घेतली की माल आमच्याकडेच घालायचा, भाव आम्ही पट्टीत (विक्रीच्या हिशोबात) लिहू तो. त्यात भलं होत असतं तसं वाकडंही होत असतं. २०१६ पर्यंत आडतसुद्धा, म्हणजे आमची दलाली, शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. त्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त (बाजार समितीच्या बंधनातून मोकळा) केला आणि आडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. आमचाही गाळा बंद होता. आम्ही म्हणत होतो, धंदा बुडेल. बुडाला नाही. जो आपला हक्क वाटत होता तो नुसता सवयीचा होता, हे कळायला वर्ष लागलं.

आणखी एक सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशीत आफ्रिकेतल्या मलावीचा आंबा येतो. खोक्यावर चक्क मलावी लिहिलेलं असतं, भाव देवगडच्या तोंडात मारेल असा, आणि लोक रांगेने नेतात. तेव्हा परक्या गावाचं नाव लिहिलं की माल पडून राहतो, हे आम्हीच पसरवलेलं आहे. गिऱ्हाइकाला आम्ही कधी विचारलेलंच नाही.

नफा हा गुन्हा नव्हे

मलावी खपतो कारण तेव्हा दुसरा आंबाच नसतो. मे महिन्यात ‘धारवाड’ लिहून ११०० घेऊन दाखवा.

वाशीकर

११०० कोण देणार? साडेपाचशे देतील. तोच तर त्याचा भाव.

लेस्टरकर

इकडची, इंग्लंडमधली एक आठवण. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता. आंबा आणि चार भाज्या. कारण फळमाशी आणि इतर किडी. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. किडका माल पाठवणारे होते मोजके निर्यातदार. दार बंद झालं सगळ्यांना. ज्यांनी चोख माल पाठवला त्यांनाही, आणि आमच्या इथल्या गुजराती दुकानदारालाही, ज्याची एप्रिल-मेची सगळी उलाढाल हापूसवर चालायची. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. आता युरोपात यायचं तर फळ ४८ अंशाच्या गरम पाण्यात तासभर बुडवून यावं लागतं. त्याचा खर्च सगळ्यांच्याच बोकांडी, चोख माल पाठवणाऱ्यांच्याही.

अर्थाचा अनर्थ

लेस्टरकर, अगदी हेच. मी एवढं चऱ्हाट लावलं ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

सीएसआर पीडित

मी एका मोठ्या कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च, बघतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. एप्रिल २०१४ पासून लागू. आमच्याकडे मार्च महिन्यात धावपळ सुरू होते, दोन टक्के खर्च झाले का, फोटो आले का. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले याबद्दल माझ्या खात्याला एकही प्रश्न विचारायची मुभा नाही. पेटीवाला २९,२५० मधले ५८५ रुपये वृद्धाश्रमाला देऊन आमच्या पद्धतीने सुटू शकतो. रीतसर पावती घे रे बाबा.

उगाच एक

५८५ मध्ये धारवाड एक डझन येतो. वृद्धाश्रमाला तोच द्या.

देठासकट

मला सगळ्यात जास्त दिसतंय ते माळ्यावरचं रिकामं खोकं. मामाने ते विश्वासाने ठेवू दिलं होतं. मामाला सांगितलंत का?

पेटीवाला

नाही.

सडा आणि कातळ

आता प्रत्येक फळाला बिल्ला लागलाय, तेव्हा खोक्याचा खेळ तसाही संपत आलाय. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक आंब्यावर युआयडी (ज्याचा त्याचा वेगळा क्रमांक असलेलं) स्टिकर आणलंय, काढून दुसऱ्या फळाला लावता येत नाही. ज्याची जेवढी कलमं, त्या हिशोबाने स्टिकर.

पाटावरवंटा

कलमांच्या हिशोबाने? मग ज्याच्या बागेत यंदा फळच धरलं नाही त्याची उरलेली स्टिकरं जातात कुठे?

सडा आणि कातळ

चांगला प्रश्न आहे. उत्तर माझ्याकडे नाही. शेजारी मोहात पडतो का ते बघतो.

नफा हा गुन्हा नव्हे

बघा, बागायतदारांवर पण भरवसा नाही. मी काय म्हणत होतो?

पाटावरवंटा

भरवसा आहे म्हणूनच विचारलं. नसता तर आंबा खाणंच सोडलं असतं.

पेटीवाला

सोळा दिवसांनी धागा वर काढतोय.

मामाला फोन केला. म्हणजे तीनदा लावला, दोनदा हवापाण्याचं बोलून ठेवला. तिसऱ्यांदा सांगितलं. मामा ओरडला नाही. बराच वेळ गप्प होता, मागे मामी कोंबड्यांना हाकलताना ऐकू येत होती. मग म्हणाला, “खोकी परत धाड.” एवढंच. पुढच्या हंगामाचं मी विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही.

मग ज्यांना तो माल गेला त्या ३१ घरांना मेसेज पाठवला. लिहिलं की मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिलेला आंबा मामाच्या बागेतला नव्हता, धारवाडचा होता, मी खोटं सांगितलं, डझनामागे ६५० रुपये परत करतोय. बायकोने मेसेज वाचला आणि ‘गैरसमज झाल्याबद्दल’ हे शब्द खोडायला लावले.

१८ जणांनी पैसे घेतले. काहींनी खाते क्रमांक पाठवला, दुसरं अक्षर नाही. सात जणांनी मेसेज बघून उत्तर दिलं नाही. चौघे म्हणाले, पुढच्या वर्षी वळते करून घे, तेव्हा मला पुढचं वर्ष आहे असं त्यांना तरी वाटतंय. एकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि मला ब्लॉक केलं. त्या ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही.

राहिल्या काकू. त्यांचा फोन आला. आधी दहा मिनिटं यथेच्छ बोलल्या, माझ्या आईची ओळख काढून बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “मला पैसे परत नकोत. पुढच्या वर्षी तोच धारवाडचा दे, चार डझन. पण त्याच्याच भावाने, आणि साका निघाला तर बदलून द्यायचा.”

@हुबळी-धारवाड, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. बागेतून थेट मिळेल का? छोट्या प्रमाणावर, वीस-पंचवीस डझन. पिकवता कसं ते येऊन बघीन म्हणतो. एप्रिलमध्ये रविवार धरून.

हुबळी-धारवाड

व्यनि मिळाला. या. आमच्याकडे चांगला माल एप्रिलच्या शेवटी सुरू होतो, त्याआधी येऊन उपयोग नाही. जेवायलाच या.

एक अडचण आहे. खोकी तुम्हालाच छापून आणावी लागतील. आमच्या तालुक्यात धारवाड छापलेलं खोकं मिळत नाही. व्यापारी कोरीच मागतात.